तारेवरून घेतलेली स्मृतीची जबानी

1901 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या 51 वर्षांच्या एका स्त्रीपुढे आलोइस आल्झायमर हे वैद्य कागद-लेखणी घेऊन बसले आणि तिला तिचे नाव, आडनाव, पतीचे नाव असे एकामागून एक विचारीत गेले, तेव्हा तिन्ही प्रश्नांना तिने ‘ऑगुस्ते’ हे आपलेच नाव सांगितले; परंतु पेन्सिल, किल्ली, चिरूट अशा वस्तू तिच्यासमोर धरताच त्यांची नावे तिने बिनचूक सांगितली, आणि थोड्याच वेळाने आपल्याला काही दाखवले होते ही गोष्टच ती विसरून गेली. नाव लिहावयास सांगितले तर पहिला शब्द लिहून पुढचे तिला सुचेना. या जबानीचे कागद रुग्णालयाच्या दप्तरात कित्येक दशके गडप होऊन 1995 साली पुन्हा उजेडात आले. ते वाचताना लक्षात येते की वैद्याजवळ त्या दिवशी चार साधने होती: तोंडी प्रश्न, हातातील वस्तू, कागद-लेखणी आणि स्वतःचे डोळे. प्रौढ मनुष्याच्या बुद्धीची मोजदाद दूरध्वनीवरून करण्याचा जो शिरस्ता पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने पडला, त्याचा इतिहास म्हणजे या चारांतील शेवटची तीन साधने हिरावली गेल्यावर पहिल्या एकट्यावर भागवण्याचा इतिहास होय. आणि त्या सक्तीने या विद्येचे नुकसान झाले त्याहून भलेच अधिक झाले, असे माझे मत आहे.

केवळ बोलून आणि ऐकून स्मृती जोखण्याची कल्पना दूरध्वनीवरील परीक्षेहून पुष्कळ जुनी आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली निरर्थक अक्षरांच्या माळा घोकून घोकून स्वतःच्याच विस्मरणाचा जमाखर्च मांडला. दोनच वर्षांनी लंडनमध्ये जोसेफ जेकब्स यांनी शाळेतील विद्यार्थिनींना आकड्यांच्या ओळी वाचून दाखवून त्या जशाच्या तशा म्हणावयास लावल्या, आणि वय वाढते तशी व वर्गातील क्रमांक वर चढतो तशी ही धारणाशक्तीही वाढते, असे दाखवून दिले. फ्रान्सिस गॉल्टन यांनी त्याच वर्षी हीच कसोटी मंदबुद्धी लोकांच्या आश्रमातही लावून पाहिली. विषयांतराचा दोष पत्करूनही येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकड्यांच्या ओळीचे जनक असलेले हे जेकब्स पुढे लोककथांचे संग्राहक म्हणून नावाजले, आणि 1892 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय कथांच्या संग्रहात ‘पंचकिन’ नावाची जी कथा आहे, ती मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या कन्या मेरी फ्रीअर यांनी आपल्या आयेच्या, अॅना लिबेराता डिसूझा हिच्या, तोंडून ऐकून 1868 साली छापलेली होती. अॅनाचे घराणे गोव्याजवळ स्थायिक झालेले. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी तिने आयुष्यभर कानाच्या आधारावर सांभाळल्या होत्या. स्मृतीचे सामर्थ्य सात-आठ आकड्यांत मोजू पाहणाऱ्या पंडिताच्या ग्रंथात, कागदाला कधी न शिवलेल्या एवढ्या मोठ्या स्मृतीचा ठेवा यावा, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आकड्यांच्या या ओळी आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली पॅरिसमध्ये मुलांसाठी रचलेल्या परीक्षेत शिरल्या; आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे त्या परीक्षेचे मराठी व कानडी रूप सिद्ध केले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डेव्हिड वेक्स्लर यांनी 1939 साली खास प्रौढांसाठी जी परीक्षा तयार केली, तिच्यात त्या सुलट आणि उलट अशा दोन्ही क्रमांनी म्हणावयाच्या होत्या. मधल्या काळात शंभरातून सात-सात वजा करीत उतरण्याची कसोटी मनोरुग्णवैद्यांच्या नित्य वापरात आली, आणि स्वित्झर्लंडमधील आंद्रे रे यांनी 15 शब्दांची यादी पुनःपुन्हा ऐकवून, मध्ये खंड पाडून, ती आठवावयास लावण्याची रीत घालून दिली. म्हणजे तारेवरून पाठवता येईल असा सारा ऐवज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिद्ध होता. तार मात्र निराळ्याच कामाला लागलेली होती.

त्या तारेचीही एक परीक्षा झाली होती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दूरध्वनीचा एकाधिकार 1876 साली मिळाला. त्यानंतर सुमारे चौतीस वर्षांनी अमेरिकेतील टेलिफोन कंपनीचे जॉर्ज कॅम्पबेल यांनी तारेवरून कोणते व्यंजन नीट पोहोचते आणि कोणते वाटेत हरवते हे ठरवण्यासाठी एका टोकाला निरर्थक अक्षरे उच्चारून दुसऱ्या टोकाला ती लिहून घ्यावयाची पद्धत काढली, कारण अर्थपूर्ण शब्द ऐकणारा मनुष्य न ऐकलेला भाग अंदाजाने भरून काढतो. एबिंगहाउस यांनी ज्या जातीच्या अक्षरांनी मनाची कसोटी पाहिली, त्याच जातीच्या अक्षरांनी कॅम्पबेल यांनी तारेची कसोटी पाहिली. ही दोन शास्त्रे त्या वेळी एकमेकांस ओळखतही नव्हती, तथापि पुढे ती एका घरात नांदावयास आली तेव्हा जो तंटा उभा राहिला त्याचे मूळ येथेच आहे: पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थाने शब्द चुकीचा सांगितला तर दोष स्मृतीचा, कानाचा की तारेचा? जुन्या दूरध्वनीच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी जात. ‘स’ आणि ‘फ’ यांच्यातील भेद बराचसा त्या पट्ट्याच्या वरच राहतो. बेल हे स्वतः बहिऱ्यांचे शिक्षक, त्यांच्या मातोश्री आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे. आणि त्यांच्या यंत्रावरून घेतलेल्या परीक्षेत सर्वांत अधिक अन्याय होतो तो ऐकू कमी येणाऱ्यांवरच.

दूरध्वनीवरून लोकांना प्रश्न विचारण्याविषयी अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या मनात एक जुनी धास्ती होती, आणि ती निराधार नव्हती. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने 1936 साली टेलिफोनच्या याद्या आणि मोटारमालकांच्या नोंदी यांवरून एक कोट मतपत्रिका पाठवून, सुमारे तेवीस लाख परत आलेल्या मोजून, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन निवडून येणार असे भविष्य वर्तवले. आणि रूझवेल्ट प्रचंड मतांनी विजयी झाले. मंदीच्या त्या वर्षांत ज्याच्या घरी टेलिफोन त्याचे मत निराळे, हे साऱ्या जगाला कळून चुकले. त्यामुळे घरोघरी पायपीट करणारे मुलाखतकार हेच खरे, हा समज कित्येक वर्षे टिकला. ऐंशीच्या दशकापर्यंत मात्र त्या देशातील दहांपैकी नऊंहून अधिक घरांत टेलिफोन पोहोचला होता, यदृच्छेने आकडे जुळवून नंबर फिरवण्याची पद्धतही रुळली होती, आणि प्रवासखर्चाचा आकडा पाहून विद्यापीठांचे हिशेबनीस कपाळाला हात लावीत होते. शास्त्रातील पुष्कळ पालट तत्त्वापेक्षा तिजोरीमुळे घडून येतात. हा त्यांतलाच एक.

दूरध्वनीवरून बुद्धी तपासण्याच्या कल्पनेला मूर्त रूप आले ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये. मार्शल फोलस्टीन, त्यांच्या पत्नी सुझन आणि पॉल मॅक्ह्यू या तिघांनी 1975 साली रुग्णाच्या खाटेशेजारी बसून थोडक्या वेळात आटोपणारी 30 गुणांची ‘मिनी-मेंटल’ परीक्षा प्रसिद्ध केली होती, आणि ती जगभर वैद्यांच्या खिशात जाऊन बसली होती. तिच्यात दहा गुण स्थळकाळाच्या भानाला, पाच सात-सात वजा करण्याला, सहा तीन शब्द ऐकून म्हणण्याला व पुन्हा आठवण्याला. परंतु घड्याळ आणि पेन्सिल दाखवून नावे विचारणे, कागद हातात देऊन घडी घालावयास सांगणे, वाक्य लिहवून घेणे, दोन पंचकोनांची आकृती उतरवून घेणे, हा सारा भाग डोळ्यांनी बघावयाचा. एकदा तपासून घरी गेलेले रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा यावेत तर कोणी दूर राहावयास गेलेला, कोणाला आणणारे माणूस नाही, कोणी येण्यास नाखूष. आणि जे येत नाहीत तेच बहुधा अधिक बिघडलेले, त्यामुळे उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटाच आशादायक. या अडचणीतून जेसन ब्रँट, मिरियम स्पेन्सर आणि तेच मार्शल फोलस्टीन यांनी 1988 साली दूरध्वनीवरून घेण्याची अकरा प्रश्नांची, 41 गुणांची परीक्षा पुढे मांडली. ‘टिक्स’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते.

या परीक्षेची रचना जवळून पाहण्याजोगी आहे, कारण डोळ्यांवाचून भागवण्याची तिच्यातील युक्ती मोठी मासलेवाईक आहे. कात्री दाखवता येत नाही, सबब कागद कापावयास लोक काय वापरतात असे विचारावयाचे. मेंढी दाखवता येत नाही, सबब लोकर कोणत्या प्राण्यापासून मिळते असे विचारावयाचे. दहा शब्दांची यादी एकदा ऐकवून आठवतील तेवढे सांगावयास लावावयाचे, वीसपासून एकपर्यंत उलट मोजावयास लावावयाचे, राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष यांची नावे विचारावयाची. आणि हाताने काही कृती करून दाखवण्याचा जो भाग, त्यासाठी तर त्यांनी यंत्रालाच कामाला लावले: टेलिफोनच्या ज्या भागात आपण बोलता त्यावर बोटाने पाच वेळा टिचकी मारा, असे सांगावयाचे आणि प्रश्नकर्त्याने पलीकडे टिचक्या मोजावयाच्या. ओमाहा येथील वैद्यांनी 1992 साली ‘मिनी-मेंटल’चेच 22 गुणांचे दूरध्वनिरूप केले, त्यात घड्याळ-पेन्सिलीच्या जागी, ज्यात तुम्ही आत्ता बोलता आहा त्या वस्तूला काय म्हणतात, असा प्रश्न घातला. पुढच्या एका रूपात तर ‘हॅलो’ म्हणा, बोलण्याच्या भागावर तीनदा टिचकी मारा आणि मग ‘मी परत आलो’ म्हणा, अशी तीन पायऱ्यांची आज्ञा आहे. हे प्रश्न रचणाऱ्यांसमोर काळ्या रंगाचा, तोंडाशी वाटीसारखा भाग असलेला जड टेलिफोन होता. आजच्या सपाट काचेच्या फोनवर नेमके कोठे टिचकी मारावयाची, या संभ्रमात तल्लख मनुष्याचाही गुण जावयाचा.

ब्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्झायमरचे 100 रुग्ण आणि 33 निरोगी माणसे यांवर ही परीक्षा लावून पाहिली, तेव्हा 30 व 31 यांच्या दरम्यान रेघ ओढल्यास रुग्णांपैकी 94 टक्के तिच्या खाली येतात आणि निरोगी एकही येत नाही, असे त्यांना आढळले. आकडे डोळे दिपवणारे खरे. परंतु रोग पूर्ण जडलेले लोक आणि धडधाकट लोक यांना वेगळे काढणे हे फार अवघड काम नव्हे, मधल्या संधिप्रकाशातील माणसांपाशी खरी कसोटी लागते. ड्यूक विद्यापीठाच्या वर्तुळातील कॅथलीन वेल्श, जॉन ब्राइटनर आदींनी म्हणून 1993 साली या परीक्षेत एक साधी पण मार्मिक भर घातली: आधी ऐकलेले शब्द काही वेळाने, मधे दुसरे प्रश्न झाल्यावर, पुन्हा विचारणे. विस्मरणाचा रोग आरंभी जेथे हात घालतो ती ही जागा. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा केलेल्या, 1917 ते 1927 या काळात जन्मलेल्या जुळ्या भावांची एक मोठी नोंदवही अमेरिकेत राखलेली आहे. त्यातील हयात भावांना प्रथम दूरध्वनीवरून ही परीक्षा, गुण कमी पडले तर घरच्या माणसाकडून चौकशी, आणि शंका उरलीच तर प्रत्यक्ष वैद्यकीय तपासणी, अशी चाळणी लावण्यात आली. 1976 साली सुरू झालेल्या परिचारिकांच्या विख्यात पाहणीतही सत्तरी ओलांडलेल्या सुमारे 19,000 स्त्रियांची स्मृती 1995 ते 2001 या काळात टेलिफोनवरूनच तपासली गेली. देशाच्या चारी कोपऱ्यांत विखुरलेल्या एवढ्या माणसांपर्यंत कोणत्याही विद्यापीठाचे मुलाखतकार पायी पोहोचू शकले नसते.

इथपर्यंत या परीक्षांचा रोख रोग हुडकण्याकडे होता. पस्तिशीतील मनुष्याला त्या लावाव्यात तर तो पैकीच्या पैकी गुण घेऊन मोकळा होई, आणि परीक्षेला त्याच्याविषयी सांगण्यासारखे काहीच उरत नसे. मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठाच्या मार्गी लाखमन आणि पॅट्रिशिया टन यांना हवे होते ते निराळेच. मध्यवयाचा अभ्यास करण्यासाठी 1995 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 25 ते 74 वयाची सात हजारांहून अधिक माणसे होती. त्यांतील हयात व राजी असलेल्यांशी दहा वर्षांनी पुन्हा संपर्क साधावयाचा, तेव्हा निरोगी बुद्धीचा चढउतार तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत एकाच मापाने मोजता यावा, असा त्यांचा मनोदय होता. त्यासाठी त्यांनी सुमारे वीस मिनिटांत आटोपणारी जी परीक्षा बांधली आणि 2006 साली विद्वानांपुढे ठेवली, तिला ‘बीटॅक्ट’ असे आद्याक्षरी नाव आहे. तिच्यात रे यांची 15 शब्दांची यादी, जेकब्स यांच्या आकड्यांच्या ओळी उलट क्रमाने, एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे, पाच आकडे ऐकून मालिकेतील सहावा ओळखणे आणि 30 सेकंदांत शंभरापासून जितके खाली उतरता येईल तितके उतरणे, अशी अंगे आहेत. सुरुवातीला तुम्ही-आम्ही कोणीही हसावे इतकी सोपी वाटणारी आणि अखेरीस घाम फोडणारी.

यांखेरीज तिच्यात आणखी एक अंग आहे, आणि ते माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर आहे. प्रश्नकर्ती ‘लाल’ म्हणाली की ‘थांब’ म्हणावयाचे, ‘हिरवा’ म्हणाली की ‘जा’. मग नियम उलटवावयाचा, ‘लाल’ला ‘जा’ आणि ‘हिरवा’ला ‘थांब’. आणि मग मध्येच इशारा देऊन एका नियमावरून दुसऱ्यावर उडी मारावयास लावावयाचे. संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याने प्रश्नाचा शब्द आणि उत्तराचा शब्द यांमधील कालांतर नंतर यंत्रावर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येते. प्रयोगशाळेत पडदा आणि कळा यांवाचून होत नसलेले काम, ज्या तारेने डोळे आणि हात काढून घेतले होते तिनेच साधून दिले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापासून पंच्याऐंशीपर्यंतच्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांवर हे अंग लावून टन आणि लाखमन यांनी 2008 साली दाखवले की वयाबरोबर उत्तराला लागणारा वेळ वाढतो आणि नियम बदलण्याच्या ठिकाणी तर तो अधिकच वाढतो. परंतु महाविद्यालयात शिकलेली माणसे, पंच्याहत्तरीपर्यंत तरी, अवघड प्रकारात आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या कमी शिकलेल्या माणसांइतका वेळ घेतात. शिक्षणाने बुद्धी तरुण राहते असे यावरून कोणी उठल्याबरोबर जाहीर करू नये. शिकलेल्यांना परीक्षा देण्याची सवयही असते, पैसाही असतो आणि वैद्यही लवकर गाठता येतो.

या पद्धतीवरील आक्षेप ज्याला त्याला सुचण्यासारखे आहेत. पलीकडे भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली नाही कशावरून, पेन्सिलीने शब्द टिपून घेतलेले नाहीत कशावरून, शेजारी बसलेल्या बाईसाहेब उत्तरे पुरवीत नाहीत कशावरून? मुलाखतकारांना कागद-पेन्सिल दूर ठेवण्याची आणि रेडिओ-दूरदर्शन बंद करण्याची विनंती करावी लागते, आणि अधिक काय, केवळ विश्वासावरच भिस्त ठेवावी लागते. व्यवहारात मात्र समोरासमोर घेतलेले गुण आणि तारेवरून घेतलेले गुण पुष्कळच जुळतात असे वारंवार आढळले आहे. लबाडीपेक्षा कानाचा प्रश्न अधिक चिवट ठरला. 2020 सालच्या साथीत दवाखाने बंद पडले आणि वैद्यांना आपल्या जुन्या रुग्णांची स्मृती एकाएकी फोनवरूनच तपासावी लागली, तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेल्या बुद्धी तपासण्याच्या प्रसिद्ध परीक्षेचे डोळ्यांचा भाग वगळलेले 22 गुणांचे रूप जगभर हाताशी धरले गेले, आणि ऐकू कमी येणाऱ्यांची अडचण पुन्हा जशीच्या तशी पुढे आली.

आपल्या देशात दूरध्वनीवरील अशी परीक्षा आणावयाची तर तिला आणखी एका चाळणीतून जावे लागेल. हरयाणातील बल्लभगड भागात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी ‘मिनी-मेंटल’चे हिंदी रूप सिद्ध करून 1995 साली ते प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ परीक्षेत सात-सात वजा करण्याला पर्याय म्हणून असलेल्या, शब्दाची अक्षरे उलटी सांगण्याच्या प्रश्नाऐवजी वारांची नावे उलट क्रमाने सांगण्याची तजवीज त्यांना करावी लागली. ती परीक्षा समोरासमोरची. मराठीत तारेवरून शंभरापासून खाली उतरावयाचे म्हटले तर काय होईल ते पाहावे: नव्वदनंतर एकोणनव्वद येते, म्हणजे आकडा दशकाखाली उतरला तरी नाव अजून नव्वदीलाच चिकटलेले, आणि लगेच अठ्ठ्याऐंशी, इंग्रजी बोलणाऱ्याला ही ठेच नाही. वेल्समध्ये 1980 साली एलिस आणि हेनेली यांनी दाखवले आहे की वेल्श अंकनामे उच्चारावयास अधिक वेळ घेतात एवढ्यानेच त्या भाषेत आकड्यांची ओळ लहान भरते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली त्रेसष्टऐवजी ‘साठ तीन’ असे वाचन सुचवण्यात आले तेव्हा केवढा गदारोळ उठला. ती मुले सत्तरीत जातील तेव्हा त्यांची 30 सेकंदांची उतरण त्यांच्या आजोबांच्या उतरणीशी ताडता येणार नाही. विसाच्या हिशेबाने मोजणारी, आज एकादशी आहे हे पक्के ठाऊक असून इंग्रजी तारीख मात्र न सांगता येणारी, आणि आपले लग्न पानशेतचे धरण फुटले त्या वर्षी झाले असे सांगणारी वृद्धा स्थळकाळाच्या प्रश्नात गुण गमावते, तेव्हा चूक तिच्या स्मृतीची नसते.

या परीक्षांचा आकडा हजारोंच्या समूहाविषयी खूप काही सांगतो आणि एकट्या मनुष्याविषयी थोडेच. त्यांचे जनकही हीच मर्यादा घालून देत आले आहेत, आणि फोनवरच्या कमी गुणांवरून कोणाला रोगी ठरवावे असे त्यांनी म्हटलेले नाही. तेव्हा मराठीत असे माप करू इच्छिणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना माझी एवढीच विनंती आहे की बाल्टिमोरची यादी उतरवून घेण्यापूर्वी त्यांनी निरनिराळ्या जिल्ह्यांतील, शिकलेल्या आणि न शिकलेल्या, चांगले ऐकू येणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांशी आधी फोनवर नुसते बोलून पाहावे, आणि कोणते शब्द पलीकडे नीट पोहोचतात त्याची नोंद करावी.